जाहिरातवाल्या गेस्ट स्पीकरच्या सेशनआधीचं तयारी मॉड्यूल: पूर्ण करून लिहिलेला सविस्तर रिव्ह्यू

जाहिरात क्षेत्रावरचा एक ऑनलाइन कोर्स मी करतेय, त्यात दर महिन्याला एक गेस्ट स्पीकर येतो आणि त्याच्या आधी दहा दिवसांचं एक तयारी मॉड्यूल असतं, ते वेगळं घेता येतं. रिव्ह्यू त्या मॉड्यूलचा आहे, अख्ख्या कोर्सचा नाही. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे काही तक्रारीही आहेत, आणि तसंही या पद्धतीची मॉड्यूल्स आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, त्यामुळे घेताना काय बघायचं हे कळलं तरी पुरे.

माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मला काय आवडलं नि का, ते कळणार नाही. मी दोन वर्षं क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये आहे, क्लायंटचे फोन घेणं, ब्रीफ (जाहिरातीत नेमकं काय हवंय ते सांगणारा कागद) लिहिणं, क्रिएटिव्ह टीमकडून वेळेत काम काढून घेणं, फीडबॅकच्या सतरा मेल्समधून नेमकं काय बदलायचंय ते शोधून काढणं, हे सगळं येतं मला. पण जायचंय कॉपीकडे, म्हणजे जाहिरातीचे शब्द लिहिण्याकडे. आणि सर्व्हिसिंगमधून कॉपीत माणसं जातात कशी, हे सांगणारं माझ्या ओळखीत कुणीच नाहीये. म्हणून गेस्ट सेशन्स माझ्यासाठी खूप महत्त्वाची आहेत, तासभर का होईना पण पंचवीस वर्षं हेच काम केलेलं माणूस समोर बसलेलं असतं.

याआधी मी तीन सेशन्स काहीही तयारी न करता ऐकली होती. तिन्हींच्या नोट्स आता उघडून बघितल्या तर जवळपास सारख्याच आहेत, खूप वाचा, लोकांकडे बघा, चिकाटी सोडू नका. चुकीचं काहीच नाही त्यात. पण त्यातल्या एका सेशनमध्ये मी विचारलं होतं की या फील्डमध्ये यायला कोणती स्किल्स लागतात, आणि त्या माणसाने अगदी मनापासून उत्तर दिलं, तरी ते उत्तर कुणीही कुणालाही दिलं असतं असंच होतं, कारण प्रश्नच तसा होता. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीच मी विचारलं नव्हतं, तर तो सांगणार तरी कुठून.

आता मॉड्यूल. यात मिळतं काय तर वक्त्याचा दोन पानी परिचय, त्याच्या पाच-सहा कामांच्या लिंक्स, सरावासाठी तीन प्रसिद्ध जाहिरातवाल्यांची करिअर्स, एक कालरेषेची शीट, आणि शेवटी तुम्ही लिहिलेल्या प्रश्नांवर मेंटरचा लेखी अभिप्राय. परिचय वाचून सोडून द्या, तो सगळीकडे असतो तसाच आहे, पुरस्कार, पदं, मोठमोठे ब्रँड. बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ती कालरेषेची शीट. दिसायला अगदी साधी, दोन रकाने, डावीकडे वक्त्याची वर्षं (कधी कुठे लागली, कुठल्या पदावर, कधी सोडलं) आणि उजवीकडे त्याच वर्षांत जाहिरातीच्या धंद्यात काय चाललं होतं ते. डावा रकाना परिचयातून आणि जुन्या मुलाखतींमधून आपणच भरायचा. उजवा थोडा भरून देतात, बाकीचा शोधायला लावतात. उदाहरणार्थ १९६८ ला लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीत स्टीफन किंग आणि बोस मासिमी पॉलिटमध्ये स्टॅनली पॉलिट या दोघांनी अकाउंट प्लॅनिंग सुरू केलं, म्हणजे ग्राहकाची बाजू मांडायला एजन्सीत वेगळा माणूस बसायला लागला. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या ऑनलाइन मासिकाच्या साइटवर पहिल्या बॅनर जाहिराती दिसल्या. १९९७ ला जे. वॉल्टर थॉम्प्सन आणि ओगिल्वी अँड मेदरचे मीडिया विभाग (जाहिरातींसाठी जागा आणि वेळ विकत घेणारे) एकत्र करून माइंडशेअर ही कंपनी निघाली. २००० ला गूगलचं, सर्चशेजारी जाहिराती दाखवणारं अ‍ॅडवर्ड्स आलं.

नुसतं वाचलं तर ही सनावळी वाटते, मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण आमच्या वक्त्या १९९५ ला एका मोठ्या एजन्सीत मीडिया ट्रेनी म्हणून लागल्या होत्या आणि १९९९ ला कॉपीत गेल्या, हे डावीकडे लिहिलं आणि शेजारी उजवीकडे नजर गेली तेव्हा एकदम लक्षात आलं की त्या लागल्या तेव्हा मीडियावाले आणि कॉपीवाले एकाच छताखाली बसायचे, एजन्सी ज्या जागा विकत घ्यायची त्यावर ठरलेलं कमिशन मिळायचं (बराच काळ हे १५ टक्के असायचं), त्यातूनच सगळ्यांचे पगार निघायचे, आणि नव्वदच्या दशकात मोठ्या एजन्स्यांनी मीडिया विभाग बाहेर काढून त्यांच्या वेगळ्या कंपन्या केल्या. म्हणजे त्या कॉपीत गेल्या त्याच सुमाराला मीडियाचं टेबल इमारतीतूनच उठत होतं. परिचयात ही सगळी भानगड एका वाक्यात गुंडाळली होती, 'मीडियातून क्रिएटिव्हकडे वळल्या', बस. ते 'वळल्या' नेमकं कसं, स्वतःहून की परिस्थितीने, कुणी मदत केली, किती दिवस लागले, हाच तर माझा प्रश्न होता! आणि तो प्रश्न मला या शीटने दिला.

आता सरावाची तीन करिअर्स. डेव्हिड ओगिल्वी, लिओ बर्नेट आणि मेरी वेल्स लॉरेन्स. इथे काम असं की प्रत्येकाच्या आयुष्यातलं एक वळण घ्यायचं आणि आधीच्या कामातली कोणती गोष्ट तो माणूस पुढच्या कामात सोबत घेऊन गेला ते लिहायचं. ओगिल्वीचं करताना मला खरंच मजा आली. हा माणूस १९३१ ला ऑक्सफर्ड पदवी न घेता सोडतो, पॅरिसच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, मग स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीचे स्वयंपाकाचे स्टोव्ह विकतो, आणि ते इतकं जमतं की १९३५ मध्ये कंपनी त्याच्याकडून बाकीच्या विक्रेत्यांसाठी मार्गदर्शिका लिहून घेते. पुढे अमेरिकेत जॉर्ज गॅलपच्या संशोधन संस्थेत प्रेक्षकांची मतं मोजण्याचं काम, युद्धाच्या काळात ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी काम, मग काही काळ पेन्सिल्व्हेनियात शेती, आणि १९४८ ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःची एजन्सी, तेव्हा वय ३७.

वरवर बघितलं तर नुसतं भरकटणं वाटतं. पण मग मॉड्यूलमध्ये त्याची १९५८ ची रोल्स-रॉइसची जाहिरात नीट वाचायला देतात, तीच ती, ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडीत सगळ्यात मोठा आवाज विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा येतो असं मथळ्यात सांगणारी. हा मथळा मला पाठ होता, पण खालचा मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. त्यात पहिल्याच मुद्द्यात लिहिलंय की हे वाक्य एका मोटार मासिकाच्या तांत्रिक संपादकाचं आहे. आणि मग क्रमाने एकेक मुद्दा, इंजिन कसं तपासतात, रंगाचं काम कसं करतात, सगळी ठोस माहिती. दारात उभं राहून स्टोव्ह विकणारा माणूस आणि गॅलपकडे आकडे बघणारा माणूस दोघंही त्या पानावर दिसतात. कविता सुचण्याची वाट बघत बसलेला माणूस तिथे दिसत नाही, वाचून वाचून हाताला लागलेली एक गोष्ट नेमकी उचलणारा दिसतो. हे मला कुणी भाषणात सांगितलं असतं तर मी मान डोलवून सोडून दिलं असतं, स्वतः शोधल्यामुळे ते डोक्यात बसलं.

बर्नेटचं छोटं आहे पण चांगलं आहे. सुरुवात वार्ताहर म्हणून, मग कॅडिलॅकच्या अंतर्गत मासिकाचं संपादन, आणि १९३५ मध्ये ऐन मंदीत शिकागोत एजन्सी उघडली तेव्हा त्रेचाळिशीत होता. मेरी वेल्सचं वळण मला जास्त भिडलं. दुकानांच्या जाहिराती लिहिण्यापासून सुरुवात, मग डॉयल डेन बर्नबाख ही एजन्सी, मग जॅक टिंकरच्या एजन्सीत ब्रॅनिफ एअरलाइन्सचं ते प्रसिद्ध काम, १९६५ चं, सगळी विमानं वेगवेगळ्या भडक रंगांत रंगवली होती. एवढं करूनही अध्यक्षपद द्यायची वेळ आली तेव्हा तिला ते मिळालं नाही आणि १९६६ मध्ये तिने वेल्स रिच ग्रीन काढली, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेल्या कंपनीची पहिली महिला प्रमुख तीच. इथे शीटमध्ये प्रश्न होता, 'हे वळण तिने निवडलं की तिच्यावर आलं?' मी अर्धा तास याच एका ओळीवर अडकले होते. दोन्ही खरं आहे असं लिहिलं शेवटी.

पहिली तक्रार इथेच. तिन्ही उदाहरणं त्याच एका जमान्यातली आणि तिघांनीही एजन्सी अमेरिकेतच काढलेली. ती वाचायलाच हवीत, वाद नाही, पण ज्याला आज नोकरीत राहून डिपार्टमेंट बदलायचंय त्याला स्वतःची एजन्सी काढणाऱ्या तीन महाभागांच्या गोष्टी थोड्या लांबच्या वाटतात. मी स्वतःहून चौथं उदाहरण घेतलं, पीयूष पांडे. राजस्थानसाठी रणजी खेळलेले, टी टेस्टर म्हणून काम केलेले, आणि १९८२ ला ओगिल्वीत लागले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, कॉपीकडे गेले ते काही वर्षांनी! माझ्यासाठी याच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही आणि ते मॉड्यूलमध्ये असायलाच हवं होतं. मेंटरने ते मान्य केलं आणि माझी शीट बाकीच्यांना दाखवायला ठेवून घेतली, याचं मला बरं वाटलं.

यानंतर कामं बघण्याचा भाग. सूचना एकच, एकच काम निवडा आणि किमान दहा वेळा बघा. मी वक्त्यांची एक तीस सेकंदांची फिल्म निवडली. भिंतीच्या रंगाची होती, एक आजोबा आणि नात रिकाम्या खोलीत बसलेत, एवढंच. पहिल्या तीन वेळा मी नुसती भारावून गेले, चौथ्या वेळी थांबवत थांबवत बघायला लागले, कागदावर शॉट मोजले, नऊ निघाले. संवाद फक्त दोन. आणि ब्रँडचा डबा पहिल्यांदा दिसतो तो तेविसाव्या सेकंदाला. तेविसाव्या! मी सर्व्हिसिंगमध्ये असल्यामुळे मला चांगलं माहितीये की क्लायंट पहिल्या पाच सेकंदांत लोगो मागतो, कधी कधी तीनच. मग इथे तेवीस सेकंद क्लायंट गप्प कसा बसला? हा माझा दुसरा प्रश्न झाला आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा चांगला, कारण यात माझं रोजचं कामही होतं.

या भागात एक मोठी त्रुटी मात्र आहे. दिलेल्या सहा कामांपैकी चारांना क्रेडिट्सच नव्हती. कॉपी कुणाची, आर्ट डायरेक्टर कोण, फिल्म दिग्दर्शित कुणी केली, काहीच नाही, जणू सगळं एकट्या वक्त्यांनीच केलं. जाहिरात ही टीमची गोष्ट आहे, डॉयल डेन बर्नबाखमध्ये कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला जोडीने बसवायला लागले ते उगीच नाही, १९५९ च्या त्या छोट्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीला नाव एकट्या बर्नबाखचं चिकटतं पण शब्द ज्युलियन कोनिगचे होते आणि पानाची मांडणी हेल्मुट क्रोनची. जो कोर्स करिअर कसं वाचायचं ते शिकवतो त्याने तरी क्रेडिट्स द्यायलाच हवीत, नाहीतर शिकणाऱ्याला वाटतं की मोठी माणसं एकटीच सगळं करतात, आणि मग पहिल्याच नोकरीत तो एकटा कोपऱ्यात बसून लिहायला लागतो. मी हे लेखी कळवलं, 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं.

प्रश्नांवरचा अभिप्राय हा दुसरा जमेचा भाग. मी चार प्रश्न पाठवले होते, दोन बाद झाले. पहिला होता, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते, त्यावर मेंटरने लिहिलं की याचं उत्तर त्यांच्या आधीच्या दोन मुलाखतींमध्ये आहे, ते वाचून त्याच्या पुढचं विचार. दुसरा त्यांच्या करिअरमधल्या चौदा महिन्यांच्या गॅपबद्दल होता. कालरेषेत तो गॅप अगदी ठळक दिसत होता आणि मला वाटलं इथेच काहीतरी महत्त्वाचं असणार. मेंटरचं म्हणणं, असेलही, पण दोनशे लोकांसमोर कुणाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवू नये, आजारपण असेल, घरचं काही असेल, त्याऐवजी गॅपनंतर परत आल्यावर पहिलं काम कसं मिळालं ते विचार, त्यांना सांगायचं असेल तर त्या आधीचंही सांगतील. हे मला फार पटलं. सर्व्हिसिंगमध्ये इतके दिवस काढूनही माणसाला असं जपून विचारायचं कसं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अभिप्राय एकदाच मिळतो, दुरुस्त केलेले प्रश्न परत पाठवता येत नाहीत. मला अजून एक फेरी हवी होती. आणि वक्त्यांच्या कामाच्या लिंक्स सातव्या दिवशी आल्या, म्हणजे दहा दिवसांतले खरे कामाचे तीनच उरले. नोकरी करणाऱ्यांसाठी हे बरोबर नाही. मी दोन रात्री जागले म्हणून झालं, सगळ्यांना नाही जमणार.

आता सेशन. चॅटमध्ये प्रश्न टाकायचे आणि ज्याला जास्त लाइक्स तो आधी, अशी पद्धत आहे. अर्थातच वर काय आलं तर एआयमुळे नोकऱ्या जातील का आणि फ्रेशरने काय करावं. तयारीचं मॉड्यूल विकायचं आणि तयारी केलेल्यांचे प्रश्न लाइक्सच्या खाली गाडले जाऊ द्यायचे, हे मला अजिबात पटलेलं नाही. माझा पहिला प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत आला, तोही मॉडरेटरने खाली स्क्रोल केलं म्हणून.

पण आला. मी विचारलं की १९९९ ला मीडियातून कॉपीत जाताना पहिली लिहिलेली गोष्ट तुम्ही कुणाला दाखवलीत. त्या दोन क्षण थांबल्या, मग खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या आणि बोलायचा सूरच बदलला त्यांचा. म्हणाल्या, त्या मजल्यावरच्या कॉपी चीफला, दर शुक्रवारी संध्याकाळी, तो निघायच्या आधी. दिवसभर मीडियाचं काम करायच्या, कुठल्या पेपरात कुठली जागा, कुठल्या कार्यक्रमाला किती प्रेक्षक, आणि रात्री त्याच ब्रीफवर स्वतःच्या ओळी लिहायच्या ज्या कुणी मागितलेल्या नव्हत्या. आठवड्याला चाळीस ओळी. तो पेन्सिलने एक-दोन ओळींना गोल करायचा, कधी एकालाही नाही, आणि का ते सांगायचा नाही. आठ महिने हे चाललं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः उतरवून घेतलं नाही याची हळहळ आहे, पण आशय असा की गोल केलेल्या ओळी ओळीने मांडून बघितल्यावर त्यांना कळलं, त्या सगळ्या अशा होत्या ज्या लिहिताना जाहिरात कुठे दिसणार आहे हे त्यांच्या डोक्यात होतं, बस स्टॉपवर की पेपरच्या आतल्या पानावर की दोन कार्यक्रमांच्या मध्ये. म्हणजे मीडियाचं कामच त्यांची कॉपी होती! सरावाच्या शीटवरचा तो प्रश्न, आधीच्या कामातलं काय सोबत नेलं, त्याचं जिवंत उत्तर समोर बसून बोलत होतं.

तेवीस सेकंदांचा प्रश्नही त्यांनी घेतला, वेळ संपली असतानाही. हसल्या आधी, कारण कुणीतरी मोजलं याचं त्यांना अप्रूप वाटलं. म्हणाल्या क्लायंट गप्प बसला नव्हताच, दोन एडिट केले होते, एकात डबा चौथ्या सेकंदाला आणि एकात तेविसाव्या, आणि दोन्ही क्लायंटच्याच ऑफिसमधल्या जाहिरातीशी संबंध नसलेल्या लोकांना दाखवले, मग विचारलं की गोष्ट काय होती. चौथ्या सेकंदावाल्यात लोकांना डबा आठवत होता पण आजोबा आठवत नव्हते. आणि ही दोन एडिटची कल्पना कुणाची, तर सर्व्हिसिंगमधल्या एका मुलीची. हे ऐकून मी काय सांगू, लॅपटॉपसमोर एकटी बसले होते पण डोळे भरून आले.

सेशननंतर एक शेवटचं काम असतं, चोवीस तासांत वक्त्याला आभाराचा मेल लिहायचा, पाच ओळींचा, त्यात त्यांच्या बोलण्यातली एकच गोष्ट आणि तुम्ही तिचं काय करणार ते. पोर्टफोलिओ जोडायचा नाही, नोकरी मागायची नाही. मेल कोर्सवाल्यांमार्फत जातो, थेट पत्ता देत नाहीत, ते योग्यच आहे. मी लिहिलं की मी माझ्या रोजच्या ब्रीफवर ओळी लिहायला सुरुवात करतेय. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात एक प्रश्न होता, दाखवणार कुणाला? आमच्या एजन्सीत एक सीनियर कॉपीरायटर आहेत, मी त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त कधी बोलले नव्हते, मागच्या शुक्रवारी गेले त्यांच्याकडे.

घ्यावं की नाही तर, ज्यांना कुठून कुठे जायचंय हे थोडंफार ठाऊक आहे त्यांनी जरूर घ्या, शीट आणि अभिप्राय या दोनच गोष्टींसाठीसुद्धा. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांना सेशन पुरेसं आहे, रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं. रोज तासभर तरी देता येत नसेल तर घेऊ नका, अर्धवट भरलेल्या शीटमधून काही हाती लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार, क्रेडिट्स आणि त्या लाइक्सच्या भानगडीसाठी एक कापला.

पुढच्या महिन्यात प्लॅनिंगमधले एक जण येणार आहेत, लिंक्स अजून आलेल्या नाहीत, पण मी यावेळी वाट बघत बसलेली नाही, १९६८ पासूनचा उजवा रकाना भरायला घेतलाय.